'से' आणि 'टेल': म्हणणं कुठे, सांगणं कुठे

प्रश्न असा आहे: 'से' आणि 'टेल' या दोन्ही इंग्रजी क्रियापदांपुढे शब्दकोशात 'सांगणे, म्हणणे' असंच लिहिलेलं असतं. मग 'अजय सेड मी' चूक आणि 'अजय टोल्ड मी' बरोबर, असं का? आणि बोलता बोलता यातलं कोणतं घ्यायचं हे पटकन कसं ठरवायचं?

सुरुवात मराठीपासूनच करू, कारण हा फरक मराठी माणसाला मुळात ठाऊक असतो. 'नाव म्हण' आणि 'नाव सांग' यात आपण कधी गोंधळत नाही. 'म्हण' म्हटलं की तोंडातून ते शब्द बाहेर पडायला हवेत. 'सांग' म्हटलं की समोरच्याला माहिती मिळायला हवी. इंग्रजीत 'से युअर नेम' म्हणजे नावाचा उच्चार कर आणि 'टेल मी युअर नेम' म्हणजे तुझं नाव काय ते मला कळू दे. फोनवर परदेशी ग्राहकाने 'हाऊ डू यू से युअर नेम?' असं विचारलं तर त्याला उच्चार हवा असतो. नाव त्याच्यासमोर लिहिलेलं असतं, ते कसं उच्चारायचं एवढंच त्याला कळत नसतं. अशा वेळी पुन्हा स्पेलिंग सांगत बसण्यात अर्थ नाही, नाव सावकाश तोडून म्हणून दाखवावं.

तेव्हा ढोबळ जुळणी अशी: 'से' म्हणजे म्हणणे, 'टेल' म्हणजे सांगणे. 'से'चं लक्ष शब्दांवर असतं, 'टेल'चं ऐकणाऱ्यावर. 'तुका म्हणे'चं इंग्रजी करताना 'सेज तुका' होतं, 'टेल्स तुका' होत नाही, कारण पुढे त्याचे शब्द जसेच्या तसे येतात. बहुतेक वाक्यांत ही जुळणी चालते. चुका होतात त्या ठरावीक चार-पाच जागी, आणि त्या प्रत्येक जागी मराठीची एखादी सवय आपल्याला ओढून नेते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी जागा म्हणजे 'ला'. मराठीत 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितलं', दोन्हीकडे 'मला' येतं. फरक दिसतो तो कर्त्यात: म्हणणाऱ्याला 'ने' लागत नाही, सांगणाऱ्याला लागतो. इंग्रजीत कर्ता दोन्हीकडे सारखाच राहतो आणि फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या जागी. 'टेल'च्या मागोमाग माणूस थेट बसतो: 'अजय टोल्ड मी'. 'से'च्या मागोमाग माणूस बसूच शकत नाही, मध्ये 'टू' लागतो: 'अजय सेड टू मी'. आपलं 'मला' दोन्हीकडे सारखं असल्यामुळे 'सेड मी' तोंडात येतं. कानाला ते खटकत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं.

बरं, 'सेड टू मी' व्याकरणात बसतं म्हणून सगळीकडे वापरावं का? माझा सल्ला, नको. नुसती बातमी द्यायची असेल तर 'अजय टोल्ड मी दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड' हेच सहज वाटतं. 'सेड टू मी' राखून ठेवावं ते नेमके शब्द सांगायचे असतील तेव्हा, किंवा ते नेमके कोणाला उद्देशून होते हे महत्त्वाचं असेल तेव्हा. 'व्हॉट डिड शी से टू यू?' या प्रश्नात तिने तुला काय शब्द वापरले ही उत्सुकता आहे. 'व्हॉट डिड शी टेल यू?' मध्ये तिच्याकडून काय कळलं ही.

दुसरी जागा नेमकी उलट. मराठीत 'त्याने सांगितलं की ऑफिस बंद आहे' हे वाक्य पूर्ण आहे. कोणाला सांगितलं ते गाळलं तरी काही बिघडत नाही. इंग्रजीत 'अजय टोल्ड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड' हे वाक्य लंगडं आहे, कारण 'टेल'ला ऐकणारा लागतोच. ऐकणारा घालायचा नसेल तर क्रियापद बदलायचं: 'अजय सेड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड'. मराठीत 'सांगितलं' असलं तरी इंग्रजीत इथे 'सेड'च.

या चुकीला शाळेतला एक नियमही खतपाणी घालतो. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना 'सेड टू'चं 'टोल्ड' करा, असं पाठ करून घेतलं जातं. नियम बरोबर आहे, पण त्यातला 'टू' विसरला जातो आणि मुलं दिसेल त्या 'सेड'चं 'टोल्ड' करून टाकतात. नुसतं 'सेड' असेल तर ते 'सेड'च राहतं. 'टू' आणि माणूस दोन्ही असतील तरच 'टोल्ड', आणि मग 'टू' जातो, माणूस राहतो.

बोलताना पडताळा घ्यायचा तो एकाच जागी. क्रियापदाच्या लगेच पुढचा शब्द बघा. तिथे माणूस आहे का? मी, हिम, हर, अस, देम, माय बॉस, एव्हरीवन, कोणीही? असेल तर 'टेल'. नसेल तर 'से'. नव्वद टक्के वाक्यं या एका प्रश्नात सुटतात, हे मी अंदाजाने म्हणतोय, पण उरलेली कोणती ते मोजकं आहे आणि पाठ करण्यासारखं आहे.

'टेल' माणसाशिवाय येतं ते काही ठरलेल्या नामांबरोबर: ट्रुथ, लाय, स्टोरी, जोक, सीक्रेट, डिफरन्स, टाइम. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ जोक'. इथे मराठीत बऱ्याचदा 'बोलणे' येतं, खरं बोल, खोटं बोलू नकोस, म्हणून 'स्पीक लाय' असं ऐकू येतं. 'स्पीक द ट्रुथ' इंग्रजीत आहे, पण ते गंभीर, भारदस्त प्रसंगाचं आहे. 'स्पीक अ लाय' मात्र रोजच्या इंग्रजीत नाही. घरातल्या मुलाला 'टेल द ट्रुथ' असंच म्हणतात.

'टेल द टाइम'चं थोडं वेगळं आहे. 'टेल मी द टाइम' म्हणजे किती वाजले ते सांग. पण 'कॅन युअर डॉटर टेल द टाइम?' म्हणजे मुलीला घड्याळ कळतं का. अमेरिकेत यातला 'द' गाळून 'टेल टाइम' म्हणतात.

'से'बरोबर येणारी ठरलेली नामं म्हणजे प्रत्यक्ष उच्चारायचे शब्द: से हॅलो, से सॉरी, से थँक यू, से गुडबाय, से येस, से अ प्रेअर, से अ फ्यू वर्ड्स. प्रार्थना म्हणणे आणि 'से अ प्रेअर' तंतोतंत जुळतात. पण इथे एक सांभाळायचं. मराठीत गाणंही म्हणतात, पाढे म्हणतात, श्लोक म्हणतात आणि 'याला काय म्हणतात' असंही विचारतात. इंग्रजीत गाण्याला 'सिंग', श्लोकाला 'रिसाइट' आणि शेवटच्याला 'कॉल'. 'से अ साँग' म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. 'व्हॉट डू यू से धिस?' हे तर वाक्यच होत नाही. वस्तूचं नाव विचारायचं तर 'व्हॉट डू यू कॉल धिस?', आणि एखादा शब्द इंग्रजीत कसा म्हणतात हे विचारायचं तर 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?'

तिसरी जागा व्याकरणाची नाही, रीतभातीची आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. 'सांगणे'मध्ये मराठीत माहिती देणं येतं, हुकूम येतो आणि विनंतीही येते. 'आईने मला दूध आणायला सांगितलं', 'शेजाऱ्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं', 'साहेबांना फॉर्मवर सही करायला सांगितलं'. मराठीत आवाजाची पट्टी आणि 'अहो' बाकीचं सांभाळून घेतात. इंग्रजीत 'टेल समवन टू डू' म्हणजे हुकूम, निदान सूचना. 'आय टोल्ड माय बॉस टू साइन द फॉर्म' हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटतं, याने साहेबांना दरडावलं. विनंती असेल तिथे 'आस्क': 'आय आस्क्ड माय बॉस टू साइन द फॉर्म'. आई मुलाला, डॉक्टर रुग्णाला, पोलीस गाडीवाल्याला 'टेल' करू शकतात, कारण तो अधिकार त्यांचा आहे. वरिष्ठाला, ग्राहकाला, शेजाऱ्याला 'आस्क' करायचं.

अडचण अशी की 'आस्क' म्हणजे 'विचारणे' एवढंच आपण शिकलेलो असतो. प्रत्यक्षात 'आस्क'चे मुख्य वापर तीन आहेत. प्रश्न विचारणं: 'आस्क हिम'. काही मागणं: 'आस्क फॉर लीव्ह'. आणि कोणाला काही करायची विनंती करणं: 'आस्क हर टू वेट'. हा तिसरा वापर मराठीत 'सांगणे'कडे गेलेला आहे, म्हणून आपला हात आपोआप 'टेल'कडे जातो. ऑफिसच्या पत्रव्यवहारात ही एवढी एक दुरुस्ती केली तरी सूर बदलतो.

त्याच ओघात 'कळवा'. 'प्लीज टेल मी द डेट ऑफ द मीटिंग' चुकीचं नाही, पण मेलमध्ये 'प्लीज लेट मी नो द डेट' जास्त मऊ वाटतं. 'उद्या सांगतो'साठीसुद्धा 'आय विल लेट यू नो टुमॉरो'. 'आय विल टेल यू टुमॉरो' म्हटलं तर क्वचित असं वाटतं की सांगण्यासारखं काहीतरी आजच माहीत आहे आणि मुद्दाम उद्यावर ठेवलंय. आणि फोन उचलल्यावरचं आपलं 'हां, बोला' किंवा 'सांगा'. त्याचं 'येस, टेल मी' असं भाषांतर भारतात चालून जातं, परदेशी माणसाला मात्र ते तुटक वाटतं. तिथे 'हाऊ कॅन आय हेल्प?' किंवा संभाषण आधीच सुरू असेल तर 'गो अहेड'.

चौथी जागा म्हणजे 'की'. 'अजय म्हणाला की मी उद्या येतो' या मराठी वाक्यात येणारा अजय आहे. मराठी 'की' दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं ठेवते, त्याचं 'मी' आणि त्याचा वर्तमानकाळ यांना हात लावत नाही. इंग्रजी 'दॅट' तसं करू देत नाही. 'अजय सेड दॅट आय विल कम टुमॉरो' म्हटलं तर येणारा मी ठरतो, अजय नव्हे. पाहुणा भलताच यायचा. बरोबर वाक्य: 'अजय सेड ही वुड कम टुमॉरो', आणि दिवस उलटून गेला असेल तर 'टुमॉरो'च्या जागी 'द नेक्स्ट डे'. ज्यांना हे बोलताना जमत नाही त्यांनी सरळ 'दॅट' टाळून अवतरणासारखं बोलावं: 'अजय सेड, आय विल कम टुमॉरो', 'सेड'नंतर क्षणभर थांबून. बोलण्यात ते चालतं. लिहिताना अवतरणचिन्हं द्यावीत.

आज्ञा असेल तर 'की' आणखी फसवते. 'सर म्हणाले की उद्या ये' याचं 'सर सेड दॅट कम टुमॉरो' असं इंग्रजी फार ऐकू येतं. 'दॅट'नंतर आज्ञा बसत नाही. मराठीत 'म्हणाले' असलं तरी इथे आशय सांगण्याचा आहे, म्हणून 'सर टोल्ड मी टू कम टुमॉरो'. बोलीभाषेत 'सर सेड टू कम टुमॉरो' हेही चालतं, त्यात ऐकणारा गाळलेला असतो. मध्ये 'नॉट' घालायचा तो 'टू'च्या आधी: 'टोल्ड मी नॉट टू कम'.

प्रश्नांचं थोडक्यात. थेट प्रश्न 'टेल'ने सांगता येत नाही. 'ही टोल्ड मी, व्हेअर आर यू' होत नाही, तिथे 'आस्क्ड' किंवा फार तर 'सेड'. आडून येणारे का, कुठे, कसं मात्र 'टेल'बरोबर छान बसतात: 'टेल मी व्हाय', 'शी टोल्ड अस हाऊ टू गेट देअर'. 'से'बरोबर ते मुख्यतः नकारात किंवा प्रश्नात येतात: 'शी डिडन्ट से व्हाय', 'डिड ही से व्हेन?'. आणि एक खूणगाठ बांधा, या जोडवाक्यात शब्दांचा क्रम उलटत नाही. 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन' नव्हे, 'टेल मी व्हेअर द स्टेशन इज'.

आता कर्मणी, कारण तिथे एक सुरेख जोडी आहे. मराठीतलं एकट्याने येणारं 'म्हणे' आठवा. 'नव्या बाई कडक आहेत म्हणे', म्हणजे लोक तसं म्हणतात, मी खात्री देत नाही. इंग्रजीत हे 'से'च्या कर्मणीने होतं: 'द न्यू टीचर इज सेड टू बी स्ट्रिक्ट'. त्याच वाक्यात 'टोल्ड' घातलं, 'द न्यू टीचर वॉज टोल्ड टू बी स्ट्रिक्ट', तर अर्थ होतो नव्या बाईंना कडक वागायला सांगण्यात आलं. एका शब्दाने अफवेचं फर्मान झालं. 'असं म्हणतात' आणि 'म्हणे' या दोन्हींसाठी 'इज सेड टू' किंवा साधं 'पीपल से', आणि 'मला सांगण्यात आलं'साठी 'आय वॉज टोल्ड'. या अर्थाने 'आय वॉज सेड' असं काही नसतं. कारण पुन्हा तेच: 'से'ला ऐकणारा माणूस थेट कर्म म्हणून लागत नाही, तर तो कर्मणीत कर्त्याच्या जागी कुठून येणार?

पाट्या, घड्याळं, मेल, वेळापत्रक यांनाही इंग्रजीत 'से' लागतं. 'बोर्डावर बंद लिहिलंय' याचं 'ऑन द बोर्ड इट इज रिटन क्लोज्ड' करण्यापेक्षा 'द बोर्ड सेज क्लोज्ड' लिहा. 'द क्लॉक सेज हाफ पास्ट फोर', 'हर मेल सेज द फीस आर ड्यू'. निर्जीव वस्तू बोलते कशी, म्हणून आपल्याला हे सुचत नाही. 'से'चा आणखी एक उपयोग म्हणजे आपलं 'समजा' किंवा 'धरा': 'लेट्स मीट अर्ली, से ॲट सेव्हन'.

'टेल'ला मात्र सांगण्यापलीकडे एक जुना अर्थ आहे, आणि तो कळला की बरेच वाक्प्रयोग उलगडतात. 'टेल' म्हणजे मुळात मोजणं. बँकेतला 'टेलर' हा पैसे मोजणारा. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे धरून, 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे मोजदाद न होणारी संपत्ती. जर्मन भाषेत आजही 'त्सेलेन' म्हणजे मोजणे आणि 'एरत्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. आपल्याकडेही हे नातं आहे: 'संख्या' आणि 'आख्यान' हे दोन्ही शब्द 'ख्या' या एकाच संस्कृत धातूवरून आले. एकेक करून पुढे मांडणं, मग ते आकडे असोत की घटना. मोजणारा एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढतो, म्हणून 'टेल'मध्ये 'ओळखणे, फरक कळणे' हाही अर्थ आहे. 'आय कान्ट टेल द ट्विन्स अपार्ट' म्हणजे जुळ्यांतला कोण कोणता ते मला ओळखता येत नाही. 'आय कॅन टेल यू आर टायर्ड' म्हणजे तू दमलायस हे दिसतंय, इथे कोणी कोणाला काही सांगत नाही. 'हाऊ कॅन यू टेल?' म्हणजे तुला कसं कळलं. यात मराठीची एक मदत होते. 'पाऊस पडेल का, काही सांगता येत नाही' म्हणताना आपणही 'सांगणे' याच अर्थाने वापरतो, आणि 'इट्स हार्ड टू टेल' त्यावर चपखल बसतं.

दोन जोडशब्द जाता जाता. 'टेल ऑफ' म्हणजे रागावणे, 'टेल ऑन' म्हणजे एखाद्याची चुगली करणे, मुलांच्या तोंडी फार. 'हर मदर टोल्ड हर ऑफ' म्हणजे आईने तिला झापलं.

उच्चाराचंही सांगायला हवं, कारण शब्द बरोबर निवडून उच्चाराने घोळ होतो. 'सेड' हा रेड आणि बेड यांच्या यमकात बसतो, पेड आणि मेड यांच्या नाही. 'सेज'मधला 'ए'सुद्धा तसाच आखूड. स्पेलिंगमध्ये 'से' दिसतो म्हणून तो लांबवू नये.

सरावासाठी इंग्रजी वाक्यांऐवजी रोजच्या मराठी बोलण्यातला तुकडा घ्यावा आणि प्रत्येक क्रियापदावर थांबून ठरवावं. उदाहरणार्थ हा: 'डॉक्टर म्हणाले की ताप उतरेल. गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलंय. मी विचारलं, आंघोळ करू का? ते म्हणाले, नको. म्हणाले, बाहेर बाईंना सांगून ठेवलंय, रिपोर्ट आला की तुम्हाला फोन करतील.'

पहिलं: म्हणाले, पुढे माणूस नाही. 'द डॉक्टर सेड द फीव्हर वुड कम डाउन.' दुसरं: सूचना आहे, अधिकार डॉक्टरांचा आहे, मराठीत ऐकणारा गाळलेला, इंग्रजीत घालावा लागतो. 'ही टोल्ड मी टू टेक द टॅब्लेट्स ऑन टाइम.' तिसरं: प्रश्न. 'आय आस्क्ड इफ आय कुड हॅव अ बाथ.' चौथं: नुसता शब्द. 'ही सेड नो.' पाचव्यात दोन्ही एकदम आहेत, म्हणण्याच्या पोटात सांगणं: 'ही सेड ही हॅड टोल्ड द लेडी ॲट द डेस्क टू कॉल मी व्हेन द रिपोर्ट केम.' इथे 'सेड'च्या पुढचा 'ही' हा ऐकणारा नाही, पुढच्या वाक्याचा कर्ता आहे. नवशिके तो माणूस बघून 'टोल्ड ही' करायला जातात. ऐकणारा असता तर 'ही' न येता 'हिम' आला असता.